येण्याचा पर्पज

आमचे हे एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. तिथे सुई घ्यायची असो नाहीतर क्रेन, मागणीच्या कागदावर 'पर्पज' असा एक रकाना असायचा, आणि तो नीट भरल्याशिवाय कागद यांच्या टेबलावरून पुढे सरकायचा नाही. एकदा कुणीतरी आग विझवायची नळकांडी मागवली आणि त्या रकान्यात लिहिलं, 'आगीसाठी'. ह्यांनी कागद परत पाठवला, वर शेरा मारून : 'कोणत्या?' ही गोष्ट हे आजही अभिमानाने सांगतात. मी लग्न झाल्यापासून ऐकतेय आणि दर वेळी मला त्या कागद पाठवणाऱ्या बिचाऱ्याची दया येते.

कारखान्याने निरोपाच्या दिवशी ह्यांच्या गळ्यात हार घातला आणि ह्यांना माझ्या गळ्यात.

माझं इंग्रजी बेताचं आहे. पण हा एक शब्द आमच्याकडे इतका वावरतो की त्याचं वेगळं ताट मांडायला हरकत नाही. मुलगी लांबच्या शहरातून फोन करते, "आई, नोकरी चांगली आहे गं, पण लाइफला पर्पज सापडत नाहीये." शेजारीण म्हणते, वरच्या मजल्यावरची 'ऑन पर्पज' तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी सांडते. सिंकखाली एक 'ऑल पर्पज' नावाची बाटली आहे, तिने आजवर एकही डाग निघालेला नाही. जावईबापू काहीही भागलं की "पर्पज सॉल्व्ह झाला" म्हणतात, मग ते घराचं कर्ज असो की दातात अडकलेलं काही.

आपल्याकडे काय शब्द नव्हते? हेतू होता, पण हेतू म्हटलं की संशय येतो. उद्देश म्हटलं की समोर माइक दिसतो. कारण म्हटलं की प्रश्नपत्रिका आठवते. राहता राहिलं साधं 'काम'. "काय काम काढलंत?" म्हणून विचारायचं, दारातल्या माणसाने "काही नाही, सहज" म्हणायचं आणि चपला काढून आत यायचं, अशी आपली रीत. ह्यांना नेमकं तेच खुपायचं. "सहज आलो म्हणणारा," हे म्हणायचे, "एकतर उसने मागायला आलेला असतो, नाहीतर पॉलिसी विकायला." खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा तसं निघायचंही.

रिटायर झाल्यावर हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. त्यातच एके दुपारी पाण्याचे फिल्टर विकणारा एक पोरगेलासा इसम गेटमधून आत शिरला आणि त्याने ओळीने सगळ्या घरांच्या बेल वाजवल्या. लोक झोपेतून उठून आले ते थेट ह्यांच्याकडे. हे त्या दिवशी इतके आनंदात होते की मला भीतीच वाटली.

पंधरवड्याच्या आत गेटवर एक टॅब बसला. येणाऱ्याने नाव सांगायचं, घर सांगायचं, आणि मग गेटवरचा कप्तान विचारायचा, "पर्पज?" कप्तान म्हणजे आमचा दारवान. त्याने स्वतःच्या पैशाने सोनेरी काठाची टोपी घेतली होती, म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत. आधी तो नुसतं मान हलवून लोकांना आत सोडायचा. आता त्याच्या हाती टॅब आला आणि जिभेवर इंग्रजी आलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलेलं.

टॅबवर ह्यांनी ठरवलेले पर्याय होते. डिलिव्हरी, दुरुस्ती, वसुली, रोजचं काम, आणि शेवटी 'इतर, तपशील द्या'. मी विचारलं, "पाहुणा कुठेय यात?"

"पाहुणा हा माणसाचा प्रकार झाला," हे म्हणाले. "पर्पज नव्हे."

"आणि मित्र?"

"ते नातं झालं."

मी पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं, कारण ह्यांना जगात एकच मित्र होता.

त्यांचं नाव लोकांनी फार पूर्वी 'वाचाळ' ठेवलं होतं, कारण ते बोलत नसत. मी त्यांना भावजी म्हणते. चष्म्याच्या काचा घासण्यात त्यांची हयात गेली. समोरच्या रस्त्यापलीकडच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, आता एकटेच राहतात. रोज संध्याकाळी ते आमच्याकडे येत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, दोनदा चहा पीत. हे बोलत, ते खिडकीबाहेर बघत "हं" म्हणत. तासाभराने उठत आणि जात. मी त्यांना कधी काही मागताना ऐकलं नाही, काही सांगतानाही नाही. आणि इतक्या वर्षांत हे एकदाही त्यांच्याकडे गेलेले नाहीत. गुडघा जिने चढत नाही म्हणत, त्याच्याकडच्या खुर्च्या टणक आहेत म्हणत. खरं म्हणजे गरजच पडली नव्हती, तो येतच होता ना.

आणि माझंही सांगते. तो तास माझा होता. ह्यांचं बोलणं ऐकायला दुसरे कान आले की मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटायचे, आडवी पडायचे आणि छताकडे बघत राहायचे. झोपायचे नाही, वाचायचे नाही, जप करायचे नाही. दिवसातला तेवढाच वेळ मला कुणी काही विचारत नसे.

टॅब बसला त्याच संध्याकाळी इंटरकॉम वाजला. "काका, एक जण आलेत. पर्पज सांगत नाहीयेत."

"विचारा त्यांना," हे म्हणाले.

"विचारलं. 'काही नाही' म्हणतात. 'काही नाही' टॅबमध्ये नाहीये."

ह्यांनी फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितला. "अरे वाचाळ, काहीतरी सांग ना त्याला!"

"काय सांगू?" पलीकडून भावजी म्हणाले. "काही नाहीये."

दुसरा कुणी असता तर बेधडक 'वसुली' म्हणून आत आला असता. पण खोटं बोलायलाही बोलावं लागतं आणि त्यांना तेवढी सवय नव्हती. मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही सेक्रेटरी आहात. सांगा कप्तानला, सोड म्हणून." हे म्हणाले, "मी घातलेला नियम मीच मोडला तर उद्या फिल्टरवाला माझा भाचा म्हणून येईल." शेवटी ह्यांनी 'इतर' निवडायला लावलं आणि तपशिलात लिहायला लावलं, 'विचारविनिमय'. भावजी वर आले. विचार ह्यांचा झाला, विनिमय काही झाला नाही, आणि 'इतर'ला ह्यांनीच वीस मिनिटं ठेवलेली असल्यामुळे दुसरा चहा यायच्या आत कप्तानचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी भावजी पर्पज घेऊन आले. ह्यांनी कधीकाळी त्यांना दिलेला स्क्रूड्रायव्हर परत करायचा होता म्हणे. 'डिलिव्हरी'. तो टेबलावर ठेवला, आणि डिलिव्हरीला पाचच मिनिटं असतात म्हणून ते उभ्या उभ्याच निघाले. पुढच्या दिवशी आमचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आले. चांगलं चालणारं घड्याळ. पण आता दुरुस्तीसाठी आलोय तर दुरुस्ती करायला हवी, म्हणून त्या सरळ माणसाने ते उघडलं, पुसलं, पुन्हा बसवलं. तेव्हापासून ते मागे पडतं. मग खुर्चीचा पाय, मग कपाटाची कडी, मग दिव्याचं बटण. आणि गंमत अशी की काम चालू असताना हे बोलायचेच नाहीत, तो काम करतोय म्हणून. काम संपलं की कप्तानचा फोन यायचा. ज्याला कारणाशिवाय बसता येत होतं त्याला आम्ही कारण दिलं आणि त्याचं बसणं काढून घेतलं.

घरात मोडायचं काही उरलं नाही, तेव्हा ते यायचे थांबले. तक्रार नाही, निरोप नाही. फोन केला तर म्हणाले, "काही काम निघालं की येतो."

आणि मग माझे भोग सुरू झाले. संध्याकाळचा तो तास ह्यांना सरेना आणि मला मिळेना. हे स्वयंपाकघरात येऊन उभे राहू लागले. "ही बरणी इथे कशासाठी?" "दोन झारे का?" "रिकामा डबा जपून ठेवण्यामागे पर्पज काय?" मी म्हटलं, तुमच्या डोक्यात घालायला. हे हसले नाहीत. एके दिवशी मी आतल्या खोलीत आडवी पडले, तर हे दारात येऊन म्हणाले, "बरं नाही का?" म्हटलं, "बरं आहे." "मग का पडलीस?" आता याला काय सांगायचं? मी उठले आणि कणीक मळायला घेतली, वेळ नसताना.

पण मला राग येता येता वाईटही वाटायला लागलं. भावजींची यायची वेळ झाली की हे खिडकीपाशी जाऊन उभे राहत. तिथून गेट दिसतं. काय बघताय म्हटलं तर म्हणत, "रहदारी." आमच्या गल्लीत कसली आलीय रहदारी! मला दिसत होतं की माणूस चुकला आहे, त्याला ते कळलंही आहे, आणि मान्य करायचं म्हटलं तर त्याची अख्खी नोकरी खोटी पडते आहे. अशा वेळी नवऱ्याला समजावून उपयोग नसतो. हाताला धरून वळवावं लागतं आणि आपण धरलंय हे त्याला कळू द्यायचं नसतं.

मी खाली गेले आणि कप्तानला म्हटलं, "आमच्याकडची बाई रोज येते, तिला तू काही विचारत नाहीस, ते कसं?"

"तिचा पास आहे ना काकू. रोजचं काम. त्यांना वेळेचंही बंधन नाही."

"कुठल्या कुठल्या कामाचा पास निघतो?"

त्याने वाचून दाखवलं. स्वयंपाक, धुणंभांडी, गाडी धुणं, मुलं सांभाळणं, रुग्णाची देखभाल.

"शेवटचा काढ," मी म्हटलं.

"रुग्ण कोण?"

"आमचे हे."

कप्तानने टोपी काढली. "अरे बापरे! काय झालं काकांना?"

"रिटायर झालेत," मी म्हटलं.

तो पर्याय टॅबमध्ये नव्हता म्हणून त्याने 'दीर्घ आजार' दाबलं.

मग मी भावजींना फोन केला. "भावजी, नोकरी करणार का? पगार दोन कप चहा."

ते म्हणाले, "फोटो लागेल का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंटरकॉम वाजला आणि कप्तान आदराने म्हणाला, "काका, तुमचा माणूस आलाय. सोडलाय वर. तुम्ही उठू नका."

भावजी गळ्यात पास अडकवून दारात उभे. फोटोखाली लिहिलेलं, 'देखभाल'. ह्यांनी पास हातात घेऊन वाचला, उलटा करून वाचला, आणि भडका उडाला. "मी रुग्ण? मला सांभाळायला माणूस? हा नियमाचा गैरवापर आहे!"

"कुठला नियम मोडला ते दाखवा," मी म्हटलं.

खरेदी खात्यातला माणूस तो. शोधलं असतं तर सापडलं असतं, असा एकही कच्चा दुवा मी ठेवला नव्हता. हे बराच वेळ धुसफुसत उभे राहिले. मग त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ओढली, तिच्यावरचा पेपर उचलला आणि म्हणाले, "बस आता. उशीर झाला म्हणून पगार कापत नाही." भावजी म्हणाले, "हं." मी आत जाऊन दार लोटलं.

पण कुंपणापलीकडचं गवत गायीला दिसल्याशिवाय राहत नाही. शेजारणीने मला विचारलं, मी सांगितलं. आठवडाभरात तिची थोरली बहीण तिच्याकडे स्वयंपाकाला लागली. तिला चहाही धड येत नाही. वरच्या मजल्यावरच्यांचे सासरे जावयाची गाडी धुवायला येऊ लागले आणि येताना कडक इस्त्रीचे कपडे घालून येऊ लागले. कुणाची बालमैत्रीण धुणंभांडी, कुणाचा चुलता मुलं सांभाळायला, आणि त्या घरातला सगळ्यात धाकटा मुलगा बँकेत मॅनेजर. आमच्या सोसायटीइतके नोकरचाकर राजवाड्यातही नसतील. संध्याकाळी सगळ्या घरांतून हसण्याचे आवाज येत आणि खरी काम करणारी बाई मला म्हणाली, "काकू, एवढी माणसं कामाला, आणि भांडी मात्र माझ्याच वाट्याला!"

वार्षिक सभेत ह्यांनी अहवाल वाचला. विनाकारण येणाऱ्या व्यक्ती : शून्य. टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जोरात कोण टाळ्या वाजवत होतं, तर ती स्वयंपाकाची थोरली बहीण. रस्त्यापलीकडच्या सोसायटीचे लोक मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली, पर्यायांसकट. ह्यांना गुच्छ मिळाला. तो हातात धरून उभ्या असलेल्या नवऱ्याचा चेहरा मी पाहिला. सगळं कळत असूनही माणूस खूश होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका संध्याकाळी वेळ टळून गेली तरी भावजी आले नाहीत. कप्तानचा फोन आला. "काका, तुमच्या माणसाने रजा टाकलीय. आजारी आहेत म्हणे. काळजी करू नका, नियमाप्रमाणे एजन्सीकडून बदली माणूस मागवलाय. निघालाय तो."

"अहो, नको!" हे म्हणेपर्यंत फोन ठेवलेला.

बदली माणूस म्हणजे एक हसतमुख मुलगी निघाली, फिकट निळ्या गणवेशातली. आल्या आल्या तिने ह्यांचं ब्लडप्रेशर बघितलं. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आजोबा, ते काका रोज काय काय करतात ते सांगा. मी तसंच करते."

"काही नाही," हे म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे बसतो. मी बोलतो. तो 'हं' म्हणतो."

"हो का? बोला ना मग."

ह्यांनी घसा खाकरला आणि आगीच्या नळकांड्यांची गोष्ट सुरू केली. ती मुलगी अगदी मन लावून ऐकत होती, दर वाक्याला "हं" म्हणत होती. हे थांबले. "अशी नाही. तो माझ्याकडे बघत नाही. खिडकीबाहेर बघतो."

तिने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हं."

पोरीचं काही चुकत नव्हतं. भावजींपेक्षा ती सरसच होती म्हणा ना, तिला हसूही आलं योग्य जागी. पण हे मधेच गप्प झाले. गोष्ट अर्धवट राहिली, आणि मी इतक्या वर्षांत ती कधी अर्धवट राहिलेली पाहिली नव्हती.

"तिथे कोण असेल त्याच्याजवळ?" हे म्हणाले. माझ्याकडे न बघताच.

"कोण असणार?"

हे उठले. "माझी काठी दे."

मुलीला चहा पाजून पाठवलं. मी घरात होतं ते गरम सूप डब्यात भरलं. हे तोवर जिना उतरलेसुद्धा होते. रस्ता ओलांडताना मी म्हटलं, "तिसरा मजला आहे हो." म्हणाले, "माहितेय मला." माहीत कुठलं, फक्त ऐकलेलं.

समोरच्या गेटवर तसाच टॅब, तसाच दारवान, फक्त टोपी साधी. नाव विचारलं, घर विचारलं. मग त्याने माझ्या हातातल्या डब्याकडे बघून माझ्यापुरतं आपणच 'डिलिव्हरी' दाबून टाकलं, आणि ह्यांच्याकडे वळला.

"पर्पज?"

हे उभेच. मी कधी ह्यांना शब्द शोधताना पाहिलेलं नाही. 'इतर' म्हटलं असतं तर वीस मिनिटं मिळाली असती. 'सेक्रेटरी' म्हटलं असतं तर त्याने सलाम ठोकला असता, पद्धत ह्यांचीच होती. मी सांगणार होते त्यांना, पण म्हटलं नको, बघू या. मागे एक खरा डिलिव्हरीवाला येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला.

"आजोबा, पर्पज सांगा. कशासाठी आलात?"

ह्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मी त्यांच्याकडे कामाला आहे," हे म्हणाले.

दारवानाने ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीचा सदरा, जाड चष्मा, हातात काठी. "पास कुठेय?"

"नाहीये. आज पहिलाच दिवस आहे."

"पहिल्याच दिवशी एवढा उशीर?" दारवान म्हणाला आणि गेट उघडलं. "जा लवकर. आजारी आहेत ते, मघापासून वाट बघत असतील."